सुरश्री केसरबाई केरकर

संगीताच्या तासाला पेटी काढली की मला एक प्रश्न हमखास येतो, गाणं यायला किती दिवस लागतात? मी दर वेळी केसरबाईंचं नाव सांगतो. आज जरा सविस्तर लिहितो.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी गोव्यातील केरी या गावी झाला. त्या काळी गोव्यात पोर्तुगिजांचे राज्य होते. आठव्या वर्षी त्या कोल्हापूरला आल्या व अब्दुल करीम खाँ यांच्याकडे शिकू लागल्या. पण हे शिक्षण आठच महिने चालले. पुन्हा गोवा! तिथे रामकृष्णबुवा वझे आले की शिकायचं, बुवा गेले की शिकवणी बंद. सोळाव्या वर्षी त्या मुंबईला गेल्या. तिथे बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले यांच्याकडे काही काळ शिकल्या. गुरू एकाहून एक थोर, पण तालीम सलग अशी होईना. दर वर्षी शाळा बदलली आणि प्रत्येक शाळेत निम्मंच पुस्तक झालं, तर तुमचं काय होईल?

दुसरी एखादी असती तर जेवढं आलं तेवढ्यावर बैठकी करत राहिली असती. केसरबाईंनी १९२१ साली अल्लादिया खाँसाहेबांचे शिष्यत्व पत्करले. तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या.

हे खाँसाहेब म्हणजे शाहू महाराजांच्या कोल्हापूर दरबारचे गायक. तरुणपणी अतिश्रमाने त्यांचा आवाज बसला, तो पहिल्यासारखा झालाच नाही. मग उरलेल्या आवाजाला साजेल अशी नवी गायकी त्यांनी घडवली. मोकळा आकार, लांब दमाची तान आणि दोन राग एकात गुंफलेले अवघड जोडराग. ऐकायला सुंदर, गायला महाकठीण. बरं, केसरबाईंच्या गळ्यावर आधीच्या गुरूंची वळणं बसलेली. अक्षराचं वळण एकदा बसलं की मोडताना किती जीव जातो, ते तुम्ही शुद्धलेखनाच्या वहीत पाहताच. माझ्या मते नवीन शिकण्यापेक्षा हेच काम जास्त अवघड.

खाँसाहेबांची तालीम वर्षानुवर्षे चालली. १९३० च्या सुमारास केसरबाई व्यवसाय म्हणून मैफली करू लागल्या, तरी शिकणे सुटले नाही. १९४६ साली गुरू वारले, तोपर्यंत त्या शिकतच होत्या. म्हणजे एकट्या खाँसाहेबांकडेच पंचवीस वर्षे झाली!

त्या काळी लोक बाईचं गाणं आवडीनं ऐकत, पण गाणाऱ्या बाईला मान द्यायला तयार नसत. केसरबाईंना तो द्यावा लागला. रवींद्रनाथ टागोरांना त्यांचे गाणे फार आवडे. १९४८ साली कलकत्त्याच्या रसिकांनी त्यांना 'सुरश्री' ही पदवी दिली. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला व १९६९ साली पद्मभूषण. जाहीर गाणे मात्र त्यांनी १९६४ च्या सुमारासच थांबवले होते.

आता एक गंमत ऐका. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने आकाशात सोडली. त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. परग्रहावर कुणी भेटलंच, तर त्याला पृथ्वीवरचं संगीत ऐकू यावं म्हणून! भारताचं त्यात एकच गाणं आहे, ते म्हणजे केसरबाईंची भैरवी, जेमतेम साडेतीन मिनिटांची. आपल्याकडे भैरवी मैफलीच्या शेवटी गातात. दुसरे यान ५ सप्टेंबरला उडाले आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई वारल्या. त्या यानांपैकी एक आता पृथ्वीपासून २,४०० कोटी किलोमीटरांहूनही लांब गेले आहे.

गोव्यात केरी गावी त्यांच्या नावाचे हायस्कूल आहे. सहल कधी फोंड्याकडे गेली तर मी तुम्हाला ते दाखवीन.