केशवसुत : एका अंतर्मुख ध्येयवाद्याचे चरित्र

रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंडचे कृष्णाजी केशव दामले (१८६६–१९०५) यांचे एकही छायाचित्र उपलब्ध नाही. ही केवळ चरित्रसाधनांची उणीव नव्हे; स्वतःला मागे ठेवणाऱ्या त्यांच्या वृत्तीशी ती सुसंगतच आहे. मॅट्रिक १८८९ मध्ये, म्हणजे बऱ्याच उशिरा. मग मुंबईतील तुटपुंज्या पगाराच्या नोकऱ्या, प्लेगच्या काळात खानदेश, तेथे शिक्षकी, अखेर धारवाड. बाह्य चरित्र जवळजवळ एवढेच.

‘तुतारी’मधून (१८९३) रूढींवर तुटून पडणारा आवाज मात्र याच अबोल माणसाचा होता. वरवर पाहता ही विसंगती वाटते. परंतु चारचौघांत न बोललेले सारे काही अंतर्मुख मन कवितेसाठी राखून ठेवते. ‘झपूर्झा’तील तंद्री आणि ‘तुतारी’तील आवेश या दोहोंचा उगम प्रत्यक्षाहून श्रेष्ठ अशा जगाच्या ओढीतच आहे. या संकोचाला न्यूनगंड समजणे तर सर्वस्वी चुकीचे ठरेल, ‘आम्ही कोण?’ लिहिणाऱ्याला कवीच्या अधिकाराविषयी तिळमात्र शंका नव्हती. अधिकार कवीचा, व्यक्तीचा नव्हे, हा भेद ते कसोशीने पाळत.

१९०५ च्या नोव्हेंबरात हुबळी येथे प्लेगने त्यांचा अंत झाला. आठवडाभरातच पत्नीही गेल्या. हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नव्हता. तो पुढे हरि नारायण आपट्यांनी प्रसिद्ध केला.