बाळंभटदादा देवधर आणि काशीची तालीम

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त काशीतील मराठी माणसांचे स्मरण करू लागलो की पंडितांची नावे आपसूक ओठांवर येतात. रामघाटापासून पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्मघाटापर्यंतची मराठी वस्ती वेदपाठासाठी ख्यात खरी. परंतु देशाहून याच काशीत आणखी एक विद्या आली आणि तिचा उल्लेख क्वचितच होतो. ती विद्या तालमीची, व तिचे आद्य गुरू बाळंभटदादा देवधर.

दादा नाशिककडील कोठुऱ्याचे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाकडील अली व गुलाब हे मल्ल आव्हान घेऊन आले, तेव्हा कोणी पुढे होईना. या तरुण भटजीने मुदत मागितली, वणीच्या सप्तशृंगीवर अनुष्ठान केले; तेथे मारुतीने दृष्टांतात लाकडी खांबावरील पकडी दाखविल्या, आणि परतून त्याने अलीला चीत केले, गुलाबने तर लढण्याचेच नाकारले, अशी परंपरागत कथा आहे. दृष्टांताविषयी ज्याची त्याची श्रद्धा. आम्हांस मात्र त्यातील खांबाचे मोल अधिक वाटते. जोडीदार दमतो, रुसतो. खांब दमत नाही. त्यावर एरंडेल चोळलेले. अशा खांबावर सारे अंग तोलायचे म्हणजे बोटे, मनगट व कोपरापुढचा हात यांना सुटका नाही.

याच हाताची दुसरी मशागत मुद्गलांनी होते. काशीत त्यांना जोडी म्हणतात. मुद्गलाचे वजन मुठीपासून दूर, जाड टोकाशी असते. म्हणून खांद्यावरून पाठीमागे फेरा घेताना थोडे वजनही मनगटास भारी पडते. फेरा डळमळेनासा झाल्यावाचून वजन वाढवू नये. हौशी मंडळी वाढवितात आणि मनगट दुखावून घेतात. काशीच्या पहिलवानांनी तर जोडीला खिळेही ठोकले. त्यात शहाणपणापेक्षा ईर्षाच अधिक! इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी हेच मुद्गल हलके करून विलायतेस नेले, आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये ते फिरविण्याच्या स्पर्धाही झाल्या.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली, बाजीराव ब्रह्मावर्तास गेला. दरबाराचा आश्रय सरला की दरबारी विद्याही बहुधा सरते. येथे तसे झाले नाही. दादांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांनी काशीत आखाडा उभारला. पुढे नारायणगुरू बाळंभट देवधर यांनी येथील मुक्कीत, म्हणजे उघड्या मुठींच्या मुष्टियुद्धात, नाव कमावले. एकाच वेळी डझनभर गड्यांशी ते लढत, अशी त्यांची ख्याती होती. मुक्कीत मनगट किंचित वळले तरी ठोसा मारणाराचाच हात मोडतो, हे जाणकारांस सांगावयास नको.

ज्यांच्या घरी माळ्यावर जुनी जोडी अथवा तालमीची टिपणे पडून असतील, त्यांनी त्यांचे सरपण वा रद्दी होण्यापूर्वी मंडळास कळवावे, अशी आमची विनंती आहे.