पाच टनांचा माणूस

बार्शी लाइट रेल्वे हे नाव ऐकले नाही असा माणूस आमच्या पिढीत विरळा. कुणी तिने पंढरपूर गाठले असेल, कुणी लातूर, कुणी मिरज. निदान तिच्या संथ चालीवरचे विनोद तरी कानांवरून गेलेले असतात. पण ही गाडी ज्याच्या डोक्यातून निघाली त्या एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉपचे नाव विचारले, तर बार्शीतही लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. ते नाव नीट जपले ते एका वेगळ्याच जमातीने. घरातल्या पलंगाएवढ्या फळीवर रूळ, स्टेशन, पूल आणि इंजिने मांडून खऱ्या रेल्वेची हुबेहूब लहान प्रतिकृती करणारे हे लोक. जगभर पसरलेल्या या छांदिष्टांना कॅलथ्रॉप घरच्यासारखा परिचित आहे.

त्याचे कारण मला फार उशिरा उमगले. कॅलथ्रॉपची रेल्वे अंदाजपंचे करताच येत नाही. एक माप चुकवले की बाकीची सारी मापे बोंब मारू लागतात.

हा माणूस १८५७ साली लिंकनशायरमधल्या एका शेतकरी घराण्यात जन्मला. इंजिनविद्येचे शिक्षण त्याने कारखान्यातच घेतले. आधी रॉबर्ट स्टीफनसनच्या कंपनीत आणि मग क्रू येथील रेल्वे कारखान्यात त्याने उमेदवारी केली. १८८२ साली तो हिंदुस्थानात आला तो जीआयपी रेल्वेत इंजिनांचा निरीक्षक म्हणून. त्या काळी मुंबईहून सोलापूरकडे जाणारा मोठा मार्ग बार्शीला डावलून गेला होता. बार्शी म्हणजे धान्याची आणि कापसाची भरभक्कम पेठ, बालाघाटाच्या पायथ्याचा नाका. तिथला माल बैलगाड्यांत भरून तीसेक किलोमीटरवरच्या स्टेशनावर न्यावा लागे. त्या स्टेशनाचे नावही बार्शी रोड होते, म्हणजे बार्शीकडे जाणारा नुसता रस्ता! आज आपण त्याला कुर्डुवाडी म्हणतो.

मधले हे अंतर ब्रॉडगेजने जोडणे कुणालाच परवडणारे नव्हते. कॅलथ्रॉपच्या डोक्यात अडीच फुटी गेज आले, म्हणजे ७६२ मिलिमीटर. अरुंद रेल्वे त्याच्या आधीही होत्या, पण बहुतेक ठिकाणी तो एक नाइलाज समजला जाई. मोठी रेल्वे झेपत नाही म्हणून तिचे खुजे भावंड करायचे, इंजिन जड आणि वाघिणी फुसक्या. इंजिनाखाली रूळ वाकू नयेत म्हणून ते जड घालायचे आणि मग खर्च वाढला म्हणून कपाळावर हात मारायचा, असा तो प्रकार होता.

कॅलथ्रॉपने प्रश्न उलटा मांडला. रूळ किती हलके ठेवायचे ते आधी ठरवू आणि मग त्या रुळांना जेवढे सोसेल तेवढेच वजन कोणत्याही आसावर येऊ देऊ. हा आकडा त्याने पाच टन धरला. इंजिन असो, मालाची वाघीण असो की उतारूंचा डबा, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही. रूळ यार्डाला अवघे ३० पौंडांचे. मोठ्या मार्गाचे रूळ तेव्हा याच्या दुपटीहून जड असत.

आता या एका आकड्यातून पुढचे सगळे कसे निघत गेले ते पाहण्यासारखे आहे. इंजिनाला चढावर ओढायला ताकद हवी, म्हणजे वजन हवे, पण एका आसावर पाच टनांची मर्यादा. तेव्हा आसांची संख्या वाढवा. लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेल्या पहिल्या पाच इंजिनांना एकमेकांना जोडलेले चार आस होते आणि मागे आणखी दोन. सहा आस, म्हणून इंजिन फार तर तीस टनांचे. वाघिणीला दोन बोग्या, म्हणजे चार आस आणि एकूण वीस टन. यातून वाघिणीचे स्वतःचे वजन जितके कमी होईल तितका माल जास्त. म्हणून लाकडाचा आणि ओतीव लोखंडाचा सोस सोडून त्याने दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे सांगाडे लीड्स फोर्ज कंपनीकडून करून घेतले. आणि सांगाडा सर्वांना एकच, पंचवीस फुटी. त्यावर उघडी पेटी बसवा, बंद डबा बसवा नाहीतर बाके टाका. सुटे भाग एक आणि दुरुस्तीही एक.

उभा जन्म बँकेत गेल्यामुळे असेल, पण मला ही मांडणी एखाद्या जुळलेल्या ताळेबंदासारखी दिसते. कुठलीही रक्कम उचलून पाहिली तरी दुसऱ्या बाजूला तिचा जोडीदार सापडतोच.

करारमदार, सरकारी परवानग्या आणि भांडवल यांत त्याची वर्षे गेली. आपल्या खात्यांचा वेग काही इंग्रज गेल्यावर मंदावलेला नाही! अखेर १८९५ साली लंडनमध्ये कंपनी नोंदली गेली. पण माल बोटीवर चढवण्यापूर्वी कॅलथ्रॉपने एक गोष्ट केली, तिच्यामुळे प्रतिकृतीवाल्यांना तो आपल्याच गोत्यातला वाटत असणार. लीड्सजवळच्या न्यूले या गावी त्याने चाचणीसाठी थोडा मार्ग टाकला, त्यावर बार्शीची गाडी फिरवली आणि तज्ज्ञांना बोलावून दाखवली. सोलापूर जिल्ह्यातल्या माळरानावरची गाडी आधी यॉर्कशायरच्या गवतावर धावली. खऱ्या मापाचा नमुनाच म्हणायचा तो. मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा २१ मैलांचा मार्ग सुरू झाला.

पुढे हा मार्ग पंढरपूरला गेला, १९११ साली निजामाच्या मुलखातून लातूरला पोहोचला आणि १९२७ साली मिरजेला टेकला. एकूण सव्वातीनशे किलोमीटर. आषाढी-कार्तिकीला या गाडीने किती वारकरी वाहिले असतील त्याला गणती नाही. नोकरीच्या निमित्ताने १९८०च्या दशकात मी काही काळ बार्शीला होतो. तेव्हा तिची मालकी सरकारकडे जाऊन तीस वर्षे झाली होती आणि तिला सगळे नावे ठेवीत, मीही ठेवी. कुर्डुवाडीपर्यंत तिच्या खिडकीशी बसून जाताना पायाखालचा सांगाडा पंचवीस फुटांचाच का असावा, हा प्रश्न कुणाला पडणार? तो पडला माझ्या नातवाला, तोही वाशीमच्या आमच्या घरात बसून.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी १९९८ साली लोकांसाठी खुले केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय त्याने लहानपणी पाहिले, तेव्हापासून हे वेड. आता इंजिनिअरिंगला गेल्यावर त्याने बार्शी लाइट करायला घेतली आहे. त्याच्याकडून मी जे शिकलो ते थोडक्यात सांगतो, कारण कॅलथ्रॉप समजून घ्यायला त्याचा फार उपयोग होतो.

जगात सर्वांत जास्त चालणारे प्रमाण म्हणजे सत्त्याऐंशीला एक. त्याचे तयार रूळ मिळतात ते साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे आणि ते युरोपच्या १,४३५ मिलिमीटर गेजसाठी. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरची, म्हणजे तिला सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. तयार रुळांवर आपले इंजिन ठेवले की ते चिंचोळ्या पायांवर उभे राहिल्यासारखे दिसते. रंग हुबेहूब, क्रमांक हुबेहूब, चालकाच्या डोक्यावरची टोपीसुद्धा जागेवर आणि पायच खोटे! भारतीय प्रतिकृतीकारांची ही नित्याची डोकेदुखी. वाशीमच्या स्टेशनावरून २००८ सालापर्यंत धावलेली मीटरगेज करायची तर बारा मिलिमीटरचे रूळ बरे जमतात, पण ते सहज मिळत नाहीत.

अडीच फुटीचे मात्र नशीब थोर आहे. ७६२ला ८७ने भागले तर पावणेनऊ मिलिमीटर येतात आणि नऊ मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतात. कॅलथ्रॉपचा पंचवीस फुटी सांगाडा म्हणजे गेजच्या बरोबर दहापट. म्हणून छोट्या वाघिणीचा सांगाडा येतो साडेसत्त्याऐंशी मिलिमीटरच्या आसपास. वळणाचेही तसेच. चारशे मीटर त्रिज्येचे मोठ्या रेल्वेचे वळण या प्रमाणात साडेचार मीटरहून अधिक जागा खाते, म्हणजे दिवाणखान्याची भिंत फोडायला हवी. शंभर मीटरचे वळण सव्वा मीटरच्या आत बसते. जागा आणि पैसा कमी म्हणून कॅलथ्रॉप ज्या गेजकडे वळला, त्याच दोन कारणांनी घरोघरचे हे छांदिष्टही तिकडे वळतात.

खरी गंमत वजनाची. लांबी सत्त्याऐंशी पटींनी घटली तर वजन त्याच हिशेबाने घटत नाही. ते घटते सत्त्याऐंशीच्या घनाने, म्हणजे साडेसहा लाख पटींहून अधिक. वीस टनांची भरलेली वाघीण तीस ग्रॅमची होते आणि कॅलथ्रॉपचे ते पाच टन होतात साधारण साडेसात ग्रॅम. एक वाघीण हलकी आणि तिच्या पुढची-मागची जड असेल, तर वळणावर हलकी वाघीण रुळांवरून उतरते. म्हणून जाणते लोक प्रत्येक वाघिणीच्या पोटात शिशाचे तुकडे भरून सर्वांचे वजन सारखे करतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्या माणसाने जो नियम पोलादात घातला, तोच नियम टेबलावरही पाळावा लागतो, नाहीतर गाडी चालत नाही. डोळ्यांना न दिसणारा हा तपशील चुकला, तर दिसणारे सगळे तपशील बरोबर असून उपयोग नाही.

कॅलथ्रॉपने हीच विद्या पुढे मायदेशी नेली. स्टॅफर्डशायरमध्ये मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात १९०४ साली सुरू झालेली सव्वाआठ मैलांची लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे त्याच्या देखरेखीखाली झाली, गेज तेच अडीच फुटी. दुधाचे हंडे वाहणाऱ्या त्या इंग्रजी गाडीच्या इंजिनाला कपाळावर मोठा थोरला दिवा होता आणि डब्यांना टोकाशी सज्जे होते. सारा थाट हिंदुस्थानी! मोठ्या रेल्वेच्या वाघिणी जशाच्या तशा उचलून पाठीवर घेणाऱ्या खास वाघिणीही त्याने तिथे चालवल्या. दोन इंजिनांपैकी एकाला त्याचे नाव दिले होते. इंग्लंडातल्या प्रतिकृतीवाल्यांचे या मार्गावर विशेष प्रेम आहे.

त्याच्या आयुष्याचे पुढचे वळण मात्र रुळांवरचे नाही. जुलै १९१० मध्ये बोर्नमथच्या विमान-मेळ्यात त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, म्हणजे रोल्स-रॉइसमधला रोल्स, विमान कोसळून डोळ्यांदेखत गेला. त्यानंतर कॅलथ्रॉपला हवाई छत्रीचा ध्यास लागला. छत्री कशी घडी घालावी, कापड आणि दोऱ्या कोणत्या क्रमाने बाहेर पडाव्यात म्हणजे गुंता होणार नाही, यावर तो वर्षानुवर्षे राबला. त्या छत्रीचे त्याने ठेवलेले नाव म्हणजे रक्षक देवदूत. नोव्हेंबर १९१७ मध्ये शॅकल्टनच्या दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेत असलेल्या ऑर्ड-लीस या अधिकाऱ्याने ती बांधून लंडनच्या टॉवर ब्रिजवरून, दीडशे फुटांवरून, टेम्स नदीत उडी घेतली आणि तो सुखरूप वर आला. तरीही पहिल्या महायुद्धात झुंजणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांना छत्री मिळाली नाही. तिचे वजन आणि जागा नडते, अशी सबब होती आणि छत्री हाताशी असली तर पोरे विमान सोडून पळतील, ही शंकाही होती. जळत्या विमानांत किती तरुण गेले! इटलीच्या आघाडीवर शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला १९१८ साली हीच छत्री चालली. हेराला चालते आणि वैमानिकाला नाही, या न्यायाला काय म्हणावे? एकेका आसावरचे वजन तोलत ज्याचे तारुण्य गेले, त्याला वजनाची सबब ऐकवली गेली, हे मला आजही सलते.

उरलेल्या काळात तो अरबी घोड्यांत रमला. त्यांना मारझोड न करता, मैत्रीने कसे शिकवावे यावर १९२० साली त्याने पुस्तक लिहिले. ३० मार्च १९२७ रोजी तो वारला, बार्शी लाइट मिरजेला पोहोचली त्याच वर्षी.

मॅनिफोल्डची गाडी १९३४ साली बंद झाली, त्याच्या नावाचे इंजिन भंगारात गेले आणि त्या मार्गावर आज लोक सायकली चालवतात. बार्शी लाइट १९५४ साली सरकारजमा झाली आणि या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत टप्प्याटप्प्याने तिची ब्रॉडगेज झाली. ते योग्यच झाले. लातूरकरांनी मुंबईला जायला कुर्डुवाडीत गाडी का बदलावी? आमच्या जिल्ह्यातल्या कारंजावरून जाणारी मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला याच अडीच फुटी गेजची. तीही गेल्या दशकात थांबली. तिचे रूळ काही ठिकाणी अजून गवतात दिसतात. नातू तिथे पट्टी घेऊन जाऊन आला. दोन स्लीपरांमधले अंतर, रुळाची उंची, खिळ्याच्या डोक्याचा आकार असे सगळे त्याने वहीत उतरवले आहे. बार्शीच्या रुळांवर ही संधी आता नाही, म्हणून शेजारणीवरून अंदाज बांधायचा, असे त्याचे म्हणणे.

सध्या त्याच्या पाचव्या वाघिणीचे काम चालू आहे. पितळी पत्र्याचा सांगाडा जमला, बोग्या जमल्या. तोलायला मात्र घरातला काटा चालत नाही, म्हणून परवा तो वाशीमच्या एका सराफाच्या दुकानात वाघीण घेऊन गेला. सराफांनी आधी ती उलटीपालटी करून पाहिली आणि मग सोन्याच्या काट्यावर ठेवली. सव्वीस ग्रॅम भरले. अजून चार ग्रॅम शिसे घालायचे आहे.