गव्हाणीपुढे नतमस्तक झालेला संत

नाताळात ख्रिस्ती घरांतून गोठ्याचा देखावा मांडला जातो. या प्रथेशी ज्यांचे नाव निगडित आहे, त्या असीसीच्या संत फ्रान्सिस यांचे पुण्यस्मरण आज आम्ही करीत आहोत.

इटलीतील असीसी नगरीत, सन ११८१ च्या सुमारास, एका धनाढ्य कापड-व्यापाऱ्याच्या घरी फ्रान्सिस जन्मास आले. तारुण्यात त्यांना ओढ होती ती ऐषारामाची आणि रणांगणावरील कीर्तीची. पुढे युद्धातील बंदिवास व आजारपण यांनी मन अंतर्मुख झाले. कुष्ठरोग्यांची किळस करणारा हा तरुण त्यांचीच शुश्रूषा करू लागला. एका जीर्ण प्रार्थनामंदिराच्या डागडुजीसाठी त्यांनी वडिलांचे कापड विकले, तेव्हा संतप्त पित्याने त्यांना बिशपसमोर उभे केले. सन १२०६ मधील त्या प्रसंगी फ्रान्सिस यांनी पैसे तर परत केलेच; अंगावरील वस्त्रेही पित्याच्या स्वाधीन करून वारसाहक्कावर पाणी सोडले.

धनाचा त्याग पुष्कळांना साधतो. त्या त्यागातून लाभणाऱ्या मोठेपणाचा त्याग मात्र विरळा. फ्रान्सिस यांची खरी कसोटी येथेच होती. सन १२०९ मध्ये पोप तिसरे इनोसंट यांनी त्यांच्या पंथास तोंडी मान्यता दिली आणि अनुयायांची संख्या पुढे हजारोंवर गेली. पंथाचे नाव मात्र त्यांनी ठेवले 'लहान बंधू'! ते स्वतः धर्मगुरू झाले नाहीत. त्याखालच्या डीकन या पायरीवरच राहिले. सन १२२० मध्ये तर स्वतः स्थापिलेल्या पंथाचे प्रमुखपदही त्यांनी सोडले आणि नव्या प्रमुखाच्या आज्ञेत ते राहू लागले. पंथ दारिद्र्यव्रतापासून ढळेल की काय, ही चिंता त्यांना अखेरपर्यंत जाळीत होती. तरीही सोडलेले पद त्यांनी पुन्हा मागितले नाही.

सन १२२३ च्या नाताळात ग्रेच्चो गावी त्यांनी गवताची गव्हाण मांडून शेजारी बैल व गाढव उभे केले. जगाचा स्वामी गोठ्यात जन्मतो, मग त्याच्या सेवकाने कोणत्या मानाचा हक्क सांगावा, हाच त्या देखाव्याचा बोध आम्हांस वाटतो. ३ ऑक्टोबर १२२६ रोजी त्यांनी देह ठेवला. तत्पूर्वी आपणांस उघड्या भूमीवर निजवावे, अशी त्यांची इच्छा होती. दोनच वर्षांनी त्यांना संतपद लाभले.

आमच्या संतांनीही देवापाशी लहानपणच मागितले. घरात, संस्थेत, देवळात हे सारे आपणच उभारले, असा अभिमान मनात डोकावेल, तेव्हा या लहान बंधूचे स्मरण आपणां सर्वांस सावध करो.