स्वामी कुवलयानंद

स्वामी कुवलयानंद (मूळ नाव : जगन्नाथ गणेश गुणे, जन्म : दभोई, गुजरात, ३० ऑगस्ट १८८३, मृत्यू : १८ एप्रिल १९६६) हे योगविद्येचे मराठी अभ्यासक, शिक्षक आणि लोणावळा येथील कैवल्यधाम या संस्थेचे संस्थापक होते. योगक्रियांचे शरीरावरील परिणाम उपकरणांनी तपासणाऱ्या आद्य संशोधकांत त्यांची गणना होते.

जीवन

१९०३ साली त्यांना संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी व्यायामविद्येचे धडे घेतले. पुढे ते अंमळनेर येथे अध्यापक व प्राचार्य होते. नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी हे त्यांचे योगगुरू.

संशोधन

गुरूंकडून मिळालेली विद्या खरी असेल तर ती प्रयोगशाळेतही टिकली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. उड्डियान व नौली या क्रियांचा त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक यांच्या साहाय्याने अभ्यास केला. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे त्यांना आढळले. बस्तिक्रियेत पाणी आत ओढले जाते ते यामुळेच. या अवस्थेला त्यांनी गुरूंचे नाव दिले. १९२४ मध्ये कैवल्यधाम आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू झाले.

मूलबंध आणि आधुनिक उपचार

प्राणायामासोबत करावयाच्या मूलबंधात गुदद्वाराभोवतीचे व ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आकुंचित करून वर ओढले जातात. याच स्नायूंच्या व्यायामाला १९४८ साली अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी उपचाराचे रूप दिले; आकुंचनाचा जोर मोजण्यासाठी त्यांनीही दाबमापक वापरला. हे स्नायू मूत्राशय व मूत्रमार्ग यांना खालून आधार देतात. बाळंतपणानंतर किंवा वाढत्या वयात ते सैल पडले, की खोकताना, शिंकताना वा वजन उचलताना पोटातील दाब वाढून नकळत लघवी होते. संकोचामुळे पुष्कळ स्त्रिया हा त्रास वर्षानुवर्षे सांगत नाहीत. स्नायू बळकट झाल्यास दाब वाढण्याच्या क्षणी ते आवळून मूत्रमार्ग मिटलेला ठेवता येतो. त्यासाठी निदान तीन महिने रोज नियमाने व्यायाम करावा लागतो.

मूलबंध म्हणजेच केगेल व्यायाम, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. प्राणायामात मूलबंध प्रायः श्वास रोखून, इतर बंधांसह करतात. उपचारात मात्र श्वास चालू ठेवावा लागतो, पोट व मांड्या सैल ठेवाव्या लागतात, आणि प्रत्येक आकुंचनानंतर स्नायूंना पूर्ण विसावा द्यावा लागतो.

उत्तरायुष्य

मुंबईत मरीन ड्राइव्ह येथे त्यांनी १९३६ मध्ये योगोपचार केंद्र उभे केले. डॉ. स. ल. विनेकर यांच्यासह लिहिलेला त्यांचा योगचिकित्सेवरील इंग्रजी ग्रंथ १९६३ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने प्रकाशित केला. लोणावळ्यातील संस्थेत संशोधन, अध्यापन व रुग्णोपचार आजही चालू आहेत.