ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल १८९२ – ३१ ऑगस्ट १९७३) या मराठी बालशिक्षणतज्ज्ञ होत. त्यांचा जन्म मुंबईत झाला. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी माँटेसरी पद्धतीला भारतीय रूप दिले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षा आणि धाक यांनी बालमन खुंटते, या जाणिवेतून त्यांनी भयमुक्त शिक्षणाचा पुरस्कार केला. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. वंचित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. अंगणवाडीची कल्पना त्यातून साकारली. पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साहाय्याने गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा भरू लागली. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण देण्यात आले.