पाणी आत येऊ द्या!

मंडळी, जरा डोळ्यांसमोर आणा. लोखंडी पाणबुडी समुद्राच्या तळाला टेकलीय, आत तिघं जण आहेत आणि पाणी शिरतंय. तुम्ही काय कराल? पाणी थांबवायला धावाल ना? १ फेब्रुवारी १८५१ रोजी कील बंदरात विल्हेल्म बाउअरने याच्या बरोब्बर उलट केलं.

बाउअरचा जन्म १८२२चा, बव्हेरियातल्या डिलिंगनचा. आधी कातारकाम शिकला, मग तोफखान्यात शिपाई झाला. श्लेस्विग-होल्स्टाइनच्या युद्धात डॅनिश नौदलाने किनाऱ्याची कोंडी केली होती. पाण्याखालून जाऊन शत्रूच्या जहाजाला स्फोटकं लावायची, ही त्याची आयडिया. कीलच्या 'श्वेफेल अँड होवाल्ट' कारखान्यात सुमारे ८ मीटरची 'ब्रांडटाउखर' तयार झाली. इंजिन नव्हतंच; माणसांनी चाक फिरवायचं, की पंखा फिरणार.

पण पैसे कमी पडले. पत्रा पातळ घेतला गेला. पाणी भरायच्या टाक्याही रद्द! पाणी थेट तळातच खेळू लागलं. चाचणीत ते सगळं मागे धावलं, मागची बाजू खाली गेली आणि बोट तळाला बसली.

बाहेरच्या दाबामुळे झाकण उघडेना. बाउअरचं गणित सोपं होतं. पाणी आत आलं की अडकलेली हवा दाबली जाईल; आतला आणि बाहेरचा दाब सारखा झाला की झाकण उघडेल. दोघा साथीदारांना हे पटेना. पाणी अंगावर चढत असताना कुणाला पटेल? काही तास तसेच गेले. शेवटी झाकण उघडलं आणि तिघंही जिवंत वर आले!

बाउअर मग आपले आराखडे घेऊन देशोदेशी फिरला. रशियात त्याच्या 'झेटॉयफेल'ने शंभराहून जास्त डुबक्या मारल्या. १८५६ मध्ये झारच्या राज्याभिषेकाच्या वेळी तर त्याने वादकांनाच पाण्याखाली नेऊन मैफल केली! पण पाणबुडीला कायमचा आश्रयदाता काही मिळाला नाही. १८७५ मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी, म्युनिकला तो गेला.

बुडालेली ब्रांडटाउखर १८८७ मध्ये वर काढली. आज ती ड्रेस्डेनच्या लष्करी संग्रहालयात आहे. होवाल्टचा कारखाना वाढत वाढत कीलची 'एचडीडब्ल्यू' गोदी झाला. आपली 'आयएनएस शिशुमार' तिथेच बांधली गेली, आणि त्याच वर्गातल्या 'शल्की' आणि 'शंकुल' मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये. या पाणबुड्यांत एक गोल कप्पा आहे. संकटात सगळे त्यात बसले की तो सुटून वर येतो. म्हणजे सुटकेची वाट बोट बांधतानाच ठेवलेली.

पुढच्या वेळी प्रोजेक्टचं बजेट कमी पडलं आणि सेफ्टीवरच कात्री चालवावीशी वाटली, तर ब्रांडटाउखरच्या त्या रद्द झालेल्या टाक्या आठवा.